मीटरांखालची जागा

विडीवाली मावशी विडी वळताना हाताकडे कधी बघत नसे. मांडीवर तंबाखूचं सूप, बोटांत तेंदूचं पान आणि डोळे रस्त्यावर. तिची ओसरी माझ्या दारासमोर होती. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजाराला निघालेल्या प्रत्येकाला ती हाक मारायची, "बसा ना बाप्पा घडीभर. हवा फुकटची हाये." माणूस बसायचा, आणि त्याच्या सुनेपासून चपलेपर्यंत सगळ्याची चौकशी व्हायची.

ही ओसरी म्हणजे नऊ भाड्याच्या खोल्यांच्या चाळीचं टोक. मावशीचा नवरा लवकर गेला. विड्या वळूनच तिनं लेकाला, विलासला, शिकवलं. तो पुण्याला कंपनीत लागला. दोन हजार दहानंतर कधीतरी चाळीचे जुने विजेचे मीटर निघाले आणि लहरींवरून आकडे धाडणारे बिनतारी आले. नऊच्या नऊ एकाच ओळीत, मावशीच्या ओसरीच्या भिंतीवर, ती बसायची तिथेच डोक्याच्या वर. मीटरवाला आता रस्त्यावरच उभा राहून हातातल्या यंत्रावर आकडे घ्यायचा. याआधी तो आत येऊन पाणी प्यायचा, त्यामुळे मावशीला हा अपमान वाटला. "काऊन रे," ती ओसरीतून ओरडायची, "तुहा मीटर तुह्याशी बोलते, अन् तू माह्याशी नाही बोलत?" तो हसत हसत पाण्यासाठी यायचाच.

पुढे पानठेल्यावर बोलणं सुरू झालं. एका मीटरमधून लहरी निघतात, मग नऊ मीटरमधून नऊपट. आणि म्हातारी नेमकी त्यांच्याखाली दिवसभर. कोणी कॅन्सरचं नाव घेतलं. माझी सारी नोकरी कालव्याचं पाणी मोजण्यात गेलेली. मोजल्याशिवाय घाबरणं मला जमत नाही. मी वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन विचारलं, मीटर किती ताकदीनं बोलतो, किती वेळ बोलतो. घरी येऊन गणित मांडलं. नऊही मीटर एकाच क्षणी बोलले असं धरलं, तरी मावशीच्या बैठकीपर्यंत पोहोचणारं ते कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षा पुष्कळ कमी निघालं.

मी तिला सांगितलं, "मावशी, चुलीला हात लावला तर भाजते. दारात उभं राहिलं तर? लहरींचंही तसंच, अंतर वाढलं की झपाट्यानं कमी होतात. आणि हे मीटर दिवसभर बोलत नाहीत. त्या यंत्रानं विचारलं की पळभर उत्तर देतात, मग गप्प."

"म्हणजे आमच्या विलाससारखे," मावशी म्हणाली. "इचारल्याबिगर तोंड उघडत नाही."

आम्ही दोघंही खूप हसलो. मला वाटलं, विषय संपला.

पण पानठेल्यावरचं बोलणं पुण्यापर्यंत गेलं. एका सकाळी बघतो तर ओसरी रिकामी. मावशी आतल्या खोलीत सूप घेऊन बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "एवढं सांगून काय उपयोग झाला?"

"तुमचा हिसाब खरा हाये भाऊ. मले काही भेव नाही. पण लेकरू अर्धा तास फोनवर रडून रायलं. मी आत बसतो म्हटलं, तवा चूप झालं."

"अर्धा तास फोन कानाला लावून?"

"तर काय!" ती हसली. "तो पण मीटरच निघाला का?"

"नाही. त्याचंही भय नाही. तुम्ही आपल्या बाहेर बसा."

ती बाहेर आली नाही. त्या खोलीला एकच खिडकी. पंखा लावला की तंबाखू उडते, म्हणून पंखा बंद. वाऱ्यानं पानं विखुरतात, म्हणून दारही लोटलेलं. तंबाखूची जी धूळ ओसरीवर वाऱ्याबरोबर निघून जायची, ती आता तिच्याच भोवती फिरत राहायची. खोकला तिला आधीपासून होताच, तो वाढला. हाक मारायला रस्ताही उरला नव्हता. मी दोनदा म्हणालो, "मावशी, भिंतीला भिऊ नका, सुपाला भ्या." ती म्हणायची, "सूप सोडलं तर खाऊ काय? अन् बाहेर बसलं तर विलास झोपत नाही."

गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? त्यानंतर सूप बंद झालं. मावशी पुन्हा ओसरीवर आली, पण आता हात रिकामे. बोटं मात्र नसलेलं पान वळत राहायची. विलास रजा घेऊन आला, मीटरांकडे बघून म्हणाला, "आई, आत चल." ती दम घेत घेत म्हणाली, "आता बसू दे बापू. इथं श्वास तरी गवसते." पावसाळा संपता संपता ती गेली.

बुद्धवंदना झाली, तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांगली, तेव्हा विलास माझ्याजवळ आला.

"काका, मीटरनंच ना?"

"नाही."

"मग मी तिला आत बसवलं, त्यानं?"

तंबाखू तिच्या छातीत तीस वर्षं साचत होती, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी त्याला सांगितलं. आतल्या खोलीनं त्यात किती भर घातली, ते मला मोजता येत नव्हतं. जे मोजलं नाही ते मी छातीठोक सांगत नाही. त्याला बरं वाटावं म्हणूनही नाही. मोजता येत नाही, तेही सांगितलं. त्यानं मान हलवली.

मग तो ओसरीवर जाऊन मीटरांखालच्या तिच्या जागेवर बसला. एसटीला वेळ होता. बाजाराकडे निघालेला एक म्हातारा सवयीनं ओसरीपाशी थबकला, जागेवर दुसरंच कोणी पाहून पुढे निघाला. विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा विलास एकदम बाजूला सरकला आणि त्यानं हाक मारली, "बसा ना बाप्पा घडीभर. हवा..."

म्हातारा परत फिरला आणि त्याच्याजवळ बसला.