तिचं पान पुढे सरकेना

लिफ्ट दुरुस्त करण्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत, बायकोसुद्धा. ती शाळेत शिवण शिकवायची. वाचनाचं वेड मात्र दोघांनाही. ती पडली, खुबा मोडला, मागोमाग विसरणं वाढत गेलं आणि शेवटी तिला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. तेव्हा दूरदेशी असलेल्या मुलीने दोन ई-रीडर पाठवले, दोन्ही एकाच खात्यावर. आई तिकडे जिथवर वाचेल, ते पान इकडे बाबांच्या रीडरवर आपोआप दिसणार.

मिस्त्रींना ही सोय भारी आवडली. भेटीची वेळ दुपारची, तीही जेमतेम. घरी येऊन रीडर उघडला की बायको कादंबरीत कुठवर पोचली ते कळे. मग तेही तेवढंच वाचत, एक ओळही पुढे जात नसत. दुसऱ्या दिवशी गप्पांना तेवढं पुरे. कादंबरी होती एका खलाशाच्या कुटुंबाची, चांगली जाडजूड.

मग कुठेतरी बिनसलं. तिचं पान कालच्या जागेवरून मागे जाऊ लागलं, कधी दिवसभर तिथेच अडून राही. मिस्त्रींनी कंबर कसली. बिघाड म्हटला की त्याला कारण असणारच, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशेब. शोधता शोधता संगणकावरच्या ग्रंथालयात तीच कादंबरी दोनदा सापडली. एकीवर लेखिकेचं नाव आधी, दुसरीवर आडनाव आधी. रीडरला ती दोन वेगळी पुस्तकं वाटत असणार. त्यांनी जादाची प्रत काढून टाकली आणि खरंच, पान पुढे सरकलं. त्यांनी मुलीला फोन करून ते ऐटीत सांगितलं.

पण पुन्हा सगळं ठप्प. शुश्रूषागृहाच्या वायफायचा पासवर्ड बदलला होता का, विचारून झालं. दोन्ही रीडरची पानं जुळवणारं सिंक बंद करून चालू केलं. दोन्ही रीडरमधलं सगळं पुसून पुस्तकं नव्याने भरली. मुलगी फोनवरून एकेक उपाय सांगे आणि मिस्त्री भेटीच्या वेळात बायकोच्या खाटेशी बसून रीडरमध्ये डोकं खुपसत.

"मिस्त्री, आज माझ्याकडे बघणार आहात की नाही?" एकदा तिने विचारलं.

"एवढं झालं की बघतो," ते म्हणाले. ते व्हायच्या आत वेळ संपली.

शेवटी त्यांनी दोन्ही रीडर दुकानात नेले. तिथल्या कारागिराने एकावर पाच-सहा पानं उलटली. दुसऱ्या रीडरने लगेच त्या पानावर जायचं का, असं विचारलं. कारागिराने परत परत करून दाखवलं. दोन्ही ठणठणीत होते. मिस्त्रींनी आणखी बारकाईने बघायला सांगितलं, तेव्हा त्याने दोन्ही रीडर त्यांच्या हातात परत दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिस्टरला गाठलं आणि बायको रीडर नेमका कसा वापरते ते विचारलं. सिस्टर जरा घुटमळली.

"काका, काकू तेच पान वाचतात. खालपर्यंत येतात तोवर वरचं विसरलेलं असतं, मग परत वरून सुरू. कधी मागची पानं उलटत बसतात. आता तर नुसतं हातात धरून ठेवतात."

"मध्ये पुढे गेली होती ना? मी दुरुस्त केल्यावर?"

"ती पानं मी उलटली," सिस्टर म्हणाली. "त्याच म्हणाल्या होत्या, मिस्त्री घरी वाट बघत असतील."

मिस्त्री आत जाऊन खाटेशी बसले. रीडर तिच्या मांडीवर होता, पडदा केव्हाच काळा झालेला. त्यांनी तो चालू करून त्याच पानावरून मोठ्याने वाचायला घेतलं. ती मन लावून ऐकत होती. पान संपल्यावर ते थांबले, तेव्हा तिने विचारलं, हा खलाशी कोण? त्यांनी सांगितलं आणि पान न उलटता पुन्हा वरून सुरुवात केली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. सिंक जमलं का, हा तिचा पहिला प्रश्न. मिस्त्री म्हणाले, नाही. मग तिने खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत कसं शिरायचं ते सावकाश समजावलं. ते हूं हूं करत राहिले, पण हातात रीडर घेतला नाही.

"नाहीच जमलं तर मी आईसाठी नवा पाठवते, बाबा."

"पाठव," ते म्हणाले.