वेणूच्या बाटलीतली आंबील

हुकूम आला तेव्हा मे महिना होता. उत्तरेकडच्या एका शहरात दंगल होऊन गेली होती, कर्फ्यू लागला होता, आणि बायकांच्या जमावासमोर बायकाच उभ्या करायच्या म्हणून आमची महिला कंपनी मागवली होती. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी आमचं काही वाकडं केलं नाही. जे वाकडं झालं ते आमच्यातच झालं.

मी तेव्हा लान्स नाईक, एका सेक्शनची इन-चार्ज. हाताखाली दहा मुली. त्यांतली आमच्या जिल्ह्यातली एकच, कॉन्स्टेबल वेणू दिवेकर. रोह्याकडच्या खांब गावापासून आत चालत गेलं की तिची वाडी. मी पेणकडची. "पेणची म्हंजे तू शहरातली गो," असं ती म्हणायची. शहरातली कसली! आमचं घर पेणपासून पाच मैल आत, भाताच्या खाचरांत. पण फौजेत कोण बघायला येतंय? मी सगळ्यांना पेणच सांगायचे, आणि पेण म्हणजे फार मोठं आहे असंही सांगायचे.

मुक्काम एका रिकाम्या शाळेत. पहाटे साडेचारला उठणं, पाचला पीटी, सव्वासहाला फॉल इन, सातला गाड्या. आठ ते चार चौकात उभं राहायचं, अंगावर खाकी, डोक्यावर हेल्मेट, हातात शील्ड आणि लाठी. आमच्या कोकणातला उन्हाळा घाम काढतो. तिथला घाम दिसूच देत नाही, बाहेर यायच्या आधी वाळतो. पाण्याचा टँकर दुपारी बाराला यायचा. कधी दोनला.

संध्याकाळी सहानंतर व्हरांड्यात बसलं की मुलींचा विषय एकच, घरी काय प्यायचो. पंजाबची बलजीत लस्सीचा पेला दोन्ही हातांनी दाखवायची. बिहारची एक सत्तूचं पीठ पिशवीत घेऊनच आली होती. मीठ, कांदा, लिंबू घालून घटाघटा प्यायची आणि मिशी पुसल्यासारखं तोंड पुसायची. तिला त्याची लाज नव्हती. वेणू भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबतापासून सुरू करायची, कैरीच्या पन्ह्यावर यायची, ताडगोळ्यांवर थोडी रेंगाळायची आणि शेवटी आंबिलीवर येऊन थांबायची. तिच्या आईने नाचणीचं पीठ बांधून दिलं होतं. ते ती आदल्या रात्री भिजवायची, आंबलं की कुकहाऊसच्या भट्टीवर शिजवायची, ताक-मीठ-लसूण घालून आपल्या वॉटर बॉटलमध्ये भरायची. दुसऱ्या दिवशी चौकात तेच प्यायची. आमच्यातली ती एकटी, जिला चार वाजेपर्यंत चक्कर यायची नाही.

"और तुम सुमन? तुम लोग क्या पीते हो?" बलजीतने विचारलं.

मी म्हटलं, "हमारे पेण में तो बोतलवाला ठंडा।"

आता ऐका. आमच्या घरात बाटली एकदाच आली होती. बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा. त्यांनी उरवलेला घोट आम्ही तिघींनी वाटून घेतला होता, आणि तो गोड तेलासारखा लागला होता. बाकी वर्षभर लावणीला, कापणीला, आजारपणात आंबीलच. मी आंबिलीवरच वाढले. हे वेणूला माहीत होतं. सुट्टीत एकदा ती आमच्या घरी येऊन आईच्या हातची पिऊनही गेली होती. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे बघून नुसती हसली. मुलींना काही सांगितलं नाही. नंतर मोरीवर गाठून मात्र बोलली.

"बोतलवाला ठंडा व्हय? तुझ्या आयला पत्र टाकू काय, का तुमची लेक नाचणी इसरली?"

"गप बस. इथं सगळ्या आपल्याला गावठी म्हणतात."

"म्हनू देत. मी हायच."

चौथ्या दिवशी सकाळी सहा वीसला किट इन्स्पेक्शन झालं. आदल्या दिवशी दुसऱ्या प्लाटूनच्या एकीजवळ दारू सापडली होती, म्हणून कंपनी कमांडर मॅडम स्वतः एकेक वॉटर बॉटल उघडून हुंगत होत्या. मॅडम वाईट नव्हत्या. कडक होत्या, आणि तीन रात्री झोपल्या नव्हत्या. वेणूच्या बाटलीचं बूच फिरवलं तसा फस्स आवाज झाला आणि फेस त्यांच्या बोटांवर आला. आंबट वास सुटला.

"ये क्या है?"

"आंबील है मॅडम. नाचणी."

"शराब है?"

"शराब नाय मॅडम. आंबील. घर का है."

वेणूचं हिंदी तेवढंच. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम उसी तरफ़ की हो ना? क्या चीज़ है ये?"

सगळी कंपनी उभी होती. बलजीत उभी होती. मी सावधानमध्ये होते आणि त्या वासाने मला आईची चूल आठवत होती. मी म्हटलं, "पता नहीं, मॅडम।"

तीन शब्द. मॅडमनी बाटली वाळूत ओतली. वेणूच्या नावावर चार्ज लिहिला आणि हुकूम दिला, पिठ्ठू, दहा चक्कर. पिठ्ठू म्हणजे पाठीवर भरलेला पॅक बांधून पळायचं. मैदान मोठं होतं. साडेसहाला तिने सुरुवात केली, सातला पाच मिनिटं कमी असताना संपवली. मी मोजत होते, कारण इन-चार्ज म्हणून ते माझंच काम होतं.

परत आली ती घामाने निथळत. माझ्या हातातून पाण्याचा मग घेतला आणि म्हणाली, "पता नहीं मॅडम, व्हय?" आणि हसली. खरंच हसली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रिकामी बाटली भरायला वेळ नव्हता. गाड्या सुरू झाल्या होत्या.

आठला आम्ही चौकात. बाराला टँकर आला नाही. साडेबाराला मुलींच्या बाटल्या संपल्या. एकला कर्फ्यूमध्ये अर्ध्या तासाची सूट मिळाली, तेव्हा समोरच्या एका दुकानदाराने शटर अर्धं उचललं आणि थंड पेयाचं क्रेट आमच्याकडे पाठवून दिलं. काळं पाणी, फेसाळणारं. भला माणूस. त्याचा दोष नाही. मुली तुटून पडल्या. वेणू नको म्हणाली.

"मला पानी होवं. ह्ये नको."

"पाणी नाहीये. पी. थंड आहे," मी म्हटलं. बाटली मी माझ्या हाताने तिच्या हातात दिली. वर हेही म्हटलं, "पी गो, आता तू पण शहरातली."

तिने अर्धी प्यायली. पाच मिनिटांत ओकली. पुन्हा उभी राहिली. मी तिला सावलीत बसायला सांगितलं, तर म्हणाली, "आज परत रिपोर्ट नको."

एक चाळीसला ती पडली. शील्डचा आवाज झाला म्हणून मी वळले. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घाम थेंबभर नाही. डोळे उघडे होते, पण बघत माझ्याकडे नव्हती. "आये, चूल इजव," एवढंच म्हणत होती. "इजव ना गो, चूल इजव."

मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, चार्ली फोर. वन केस. उन्हाने बेशुद्ध. गाडी पाठवा. ओव्हर."

"चार्ली फोर, कंट्रोल. गाडी टँकरबरोबर गेली आहे. स्टँड बाय. ओव्हर."

"कंट्रोल, स्टँड बाय होणार नाही. गाडी पाहिजे. पाणी पाहिजे. ओव्हर."

"स्टँड बाय."

दुकानदाराने शटर पुन्हा खाली घेतलं होतं. सूट संपली होती, त्याला घरी जायचं होतं. आसपासच्या घरांची दारं वाजवली, कोणी उघडलं नाही. खाकी बघून कोण उघडणार? अंग गार करायचं एवढं आम्हाला शिकवलेलं होतं. गार असं एकच होतं. आम्ही तिची खाकी सैल केली आणि उरलेल्या बाटल्या तिच्या अंगावर ओतल्या. डोक्यावर, मानेवर, काखेत. नऊ बाटल्या. ते काळं पाणी तिच्या केसांतून फेस करत खाली आलं, वाळलं, चिकट झालं. मग माश्या आल्या. मी आणि बलजीत शील्डने वारा घालत होतो आणि माश्या हाकत होतो. एक हाकली की दोन. डोळ्यांवर, ओठांवर. तो वास आजही माझ्या नाकात आहे. जळक्या साखरेचा. लोक विचारतात, मावशी तुम्ही कोल्ड्रिंक का घेत नाही, डायबेटिस आहे का? मी हो म्हणते.

दोन पंचवीसला गाडी आली. तीन दहाला हॉस्पिटलात डॉक्टरांनी मान हलवली.

त्यांनी विचारलं, सकाळपासून काय प्यायली होती? मॅडम म्हणाल्या, सकाळी हिच्या बाटलीत शराब मिळाली होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी दाराशी उभी होते. माझी ड्युटी संपलेली नव्हती, तोंड उघडं होतं, आणि मी काही बोलले नाही. आता बोलले तर सकाळचं खोटं उघडं पडणार. त्या क्षणी माझ्या डोक्यात वेणू नव्हती. मीच होते. दुसऱ्याची किळस माणूस थुंकून टाकतो. स्वतःची थुंकता येत नाही.

तिला गावी न्यायला दुसऱ्या प्लाटूनच्या दोघी गेल्या. मला सोडलं नाही, आणि मी मागितलंही नाही. त्या दोघींनी वाडीत काय सांगितलं असेल ते मला न विचारताच कळत होतं.

मी पुढे बावीस वर्षं नोकरी केली. सब इन्स्पेक्टर होऊन घरी आले. गाडी खांबवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचे.

आता इथलं सांगते. पेणच्या स्टँडवर उतरले की तहान लागते, म्हणून ताक मागितलं. पोराने सीलबंद डबी दिली, तिच्यावर ताकाचं चित्र. आत पांढरं मीठपाणी. हायवेला कोकमाचं सरबत मागितलं, तर रंगपंचमीला पोरं ओततात तसलं लालभडक काहीतरी आलं, जीभ दोन दिवस रंगलेली. भिरंडं त्याच दुकानामागे झाडाखाली सडत पडली होती, पायाखाली फुटत होती! विचारलं तर दुकानदार म्हणतो, "मावशी, ते कोण करत बसतं? आणि गिऱ्हाईकाला गावठी आवडत नाय." गावठी. शब्द ऐकला आणि मला शिसारी आली. त्याची नाही. तो माझाच शब्द होता.

गेल्या वर्षी रोह्याला भाच्याच्या हळदीला गेले. भाचा धाटावला कंपनीत आहे, सगळी शिफ्टमधली पोरं जमलेली. हातात एनर्जी ड्रिंकचे निळे, हिरवे डबे, त्यातलं पिऊन डोळे ताणून नाचत होती. बायकांना 'वेलकम ड्रिंक' म्हणून पातळ चॉकलेटी काहीतरी दिलं. थोरल्या भाच्याची बायको मोठ्या कौतुकाने म्हणाली, "आत्या, नाचणीचं आहे. हेल्दी. डब्यातनं येतं." मी एक घोट घेतला. साखर, साखर आणि साखर, नि तळाशी कुठेतरी नाचणी तोंड लपवून बसलेली. ग्लास खाली ठेवला.

शेजारी एक बाई बसली होती, पांढरे केस, हातभर हिरवा चुडा. तिनेही ठेवला. म्हणाली, "आमच्यात नाचणी घेत नाय."

"का गो? पथ्य?"

"नाय. माजी थोरली बहीण फौजेत व्हती. पिऊन मेली. आयने पीठ दिलं व्हतं तिला, आन् तिने त्याची दारू केली म्हनत. आयने त्या दिवशी घरातली नाचणी नदीला टाकली. मरस्तोवर दळली नाय. आम्ही पन नाय."

डीजे वाजत होता. मी तिचा हात धरून तिला बाहेर अंगणात घेऊन गेले. उभ्या उभ्या सांगितलं. बाटली, फेस, मॅडमचा प्रश्न, माझे तीन शब्द, दहा चक्कर, काळं पाणी, माश्या. काही गाळलं नाही. ती यशोदा. वेणू नोकरीला लागली तेव्हा ही नऊ वर्षांची होती.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे आय उगाच..."

"हो."

"तुला तोंड व्हतं ना गो तवा?"

"होतं."

"गावात येऊन सांगशील? माज्यासमोर नाय. लोकांसमोर. जे बोलले ते अजून हायेत थोडे."

मी म्हटलं सांगते. रविवारी गेले. देवळासमोर सत्तर-ऐंशी माणसं होती. माईक दिला होता, तो मी घेतला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्यांनी वाजवू नयेत हेच बरोबर होतं. एक म्हातारा उठून म्हणाला, "एवढ्या वर्सांनी आलीस, म्हातारी असती तर जोड्याने मारली असती तुला." मी म्हटलं, व्हय बाबा. यशोदा त्याला म्हणाली, "बस आता आबा. आली तरी." मला तिने पाणी दिलं. आंबील दिली नाही, मी मागितलीही नाही.

पण देवळासमोरचं सांगणं हवेत जातं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

कॉन्स्टेबल वेणू दिवेकर, वय तेवीस, खांबजवळच्या वाडीची, बंदोबस्ताच्या ड्युटीवर असताना उष्माघाताने गेली. ती दारू प्यायलेली नव्हती. तिच्या बाटलीत नाचणीची आंबील होती, आणि ती ओतली गेली नसती तर त्या दिवशी ती चार वाजेपर्यंत उभी राहिली असती. हे तिच्या सेक्शन इन-चार्जचं म्हणणं आहे. सकाळी सहा वीसला द्यायचं होतं, ते आज देते आहे.