बर्फावरचा सोनकिडा

तो माणूस अजूनही माझ्या डोक्यात जातो. मे महिन्यात एका दुपारी आम्ही काही जण रत्नागिरीतल्या एका देवराईत किडे बघायला गेलो होतो, त्यात तो होता. आत शिरताना त्याने चपला काढल्या, देवाला हात जोडले. मग झाडावरचा हिरवा सोनकिडा अलगद पकडून मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर ठेवला.

"गार झाला की हलत नाही. फोटो बरा येतो."

मी भडकलो. "अहो, देवाच्या रानातला जीव आहे तो."

"इथलं पान तोडायचं नाही, ते मी पाळतो. किड्यांचं कुणी काही सांगितलेलं नाही."

थिजलेला किडा त्याने पानावर मांडला, बोटाने त्याचे पाय नीट केले.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला. किड्याच्या पाठीवर पाण्याचे थेंब होते. खाली सगळ्यांनी लिहिलं होतं, दव काय सुरेख टिपलंय.

दव. रत्नागिरीत, मे महिन्यात, भर दुपारी.