जाडं दे, बाय

डब्याचं झाकण उघडलं की ट्रॅक्टरवाले काका आधी बोट बुडवायचे. मग अंगठा आणि बोट चोळत हात कानाजवळ न्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तेलाला आवाज असतो का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी तशी कुणाला काही विचारत नसेच.

"पातल हाय," ते म्हणायचे. "जाडं दे, बाय."

दोन हजार चारच्या सुमाराला, कॉलेज संपल्यावर, मी काशीमीऱ्याला मामाच्या इंजिन ऑइलच्या दुकानात बसायचे. असं गिऱ्हाईक तुम्हीही कुठल्या तरी काउंटरवर पाहिलं असेल. सगळं विचारणारं आणि काहीच न ऐकणारं. डब्यावरचं इंग्रजी ते मला मोठ्यानं वाचायला लावायचे. माझा आवाज मुळातच लहान. मध्ये ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून. सगळं ऐकून मान डोलवायचे आणि दुसराच डबा उचलायचे.

त्यांचा ट्रॅक्टर माझ्याहून वयाने मोठा. त्याला चाळीस नंबरचं तेल पुरे होतं. हे त्याहून जाड पन्नास नंबर न्यायला लागले, पुढे त्यात आणखी घट्ट असं गिअरचं ऑइल मिसळायला लागले.

"दादूस, इंजिन जाम होईल एक दिवस," मामा सांगायचा.

"तुझा होईल. माझा न्हाय."

मी आतल्या आत चिडायचे. कारण तो ट्रॅक्टर आमच्याच सोसायटीत पाण्याचा टँकर ओढायचा. थंडीत त्या घट्ट तेलाने तो लवकर सुरूच व्हायचा नाही, आणि आमच्याकडे कालची भांडी दुपारपर्यंत तशीच पडायची.

शेवटी एकदा, दुकानात कोणी नसताना, मी बोलले. "काका, इतकं जाड तेल वर वेळेवर पोचत नाही. इंजिन कोरडं घासतं. का ऐकत नाही तुम्ही?"

"बोलतेस की गं," ते हसले. मग शर्टाला बोट पुसत म्हणाले, "पातल टाकला का धूर मारतो. तुमचा सेक्रेटरी बोलला, धूर दिसला तर गेटच्या आत यायचा न्हाय. माझ्या शेताचा बांध व्हता तिथं. आता गेट हाय."

"मग इंजिनचं काम करून घ्या."

"तवर पानी कोन नेल? एकदा दुसरा टँकर लागला का मला कोन बोलावतो, बाय?"

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरींच्या घरी गेले. मनात जुळवलेल्या वाक्यांपैकी निम्मी बोलता आली.

"बेटा, बिल्डिंगला नवीन पेंट दिलाय," ते म्हणाले. "धुराने भिंती काळ्या होतात. ट्राय टू अंडरस्टँड."

त्यांच्या बायकोने मला पाण्याचा ग्लास दिला. काकांनीच आणलेलं पाणी. मी ते न पिता उठले.

जानेवारीत एका सकाळी ट्रॅक्टर आमच्या गेटमध्येच थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. लोखंड घासल्याचा एक आवाज, मग काही नाही. बायकांनी टँकरच्या नळाला बादल्या लावल्या. काकांनी तेल बघायची पट्टी उपसली, बोटावर तेल घेतलं, चोळलं आणि हात कानाजवळ नेला. दुपारी दुसऱ्या एका ट्रॅक्टरने त्यांचा ट्रॅक्टर ओढून नेला. स्टिअरिंगवर तेच बसले होते.

दुकानात ते पुन्हा आले नाहीत.

आता आमच्याकडे टँकरचा ट्रक येतो. इतका धूर सोडतो की पहिल्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. सेक्रेटरी गेटपाशी नाकाला रुमाल धरून उभे असतात आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला खुणावतात, "आने दो, आने दो, और पीछे."