बंदोबस्तातली चढाई

आमच्या गावात राज्य पातळीची कबड्डी स्पर्धा झाली ती नामांतराच्या दिवसांत. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता, आणि आमच्या पुढाऱ्याला नेमकी तेव्हाच खेळाची सेवा करायची हौस आली. परभणीहून जिंतूरला जाताना लागणारं आमचं बाजाराचं गाव. एसटी थांबली की उतरणाऱ्याआधी चढणाराच आत घुसायचा, एवढीच काय ती कबड्डी गावाला ठाऊक. पण पुढाऱ्याच्या मनात आलं आणि मुंबई-पुण्याकडचे संघ यायचं ठरलं.

संघांच्या आधी ट्रक आले. त्यातून राखीव पोलीस उतरले, डोक्यावर लोखंडी टोप, खांद्याला बंदुका. होते पोलीसच, पण गावानं त्यांना मिलिटरी म्हणून टाकलं आणि विषय मिटवला.

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मात्र हाय खाल्ली. निजामाच्या राज्यात फौज शिरली तो पोलीस ॲक्शनचा काळ त्यांनी डोळ्यांनी बघितलेला. कबड्डीसाठी बंदुका कशाला लागतात हे त्यांना कुणी पटवून देऊ शकेना, आणि खरं सांगायचं तर मलाही ते अजून पटलेलं नाही. आमच्या शेजारच्या आजीनं तांब्या-पितळेची भांडी ज्वारीच्या पेवात उतरवली आणि वर माती ओढली. वरच्या आळीतल्या जमीनदारणीनंही तेच केल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. नामांतरावरून महिनाभर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन आळ्या एकाच गोष्टीला एकमतानं भ्याल्या. त्यालाही एकोपाच म्हणायचं.

तरण्यांची तऱ्हा वेगळी. सकाळी जवान बनियन-चड्डीवर मैदानात कवायत करायला उतरले, तर लोकांना वाटलं हाच पुण्याचा संघ. चांगली गर्दी जमली. एकानं तर सांगूनही टाकलं की ह्यांच्यापुढं आपला निभाव लागत नाही, उगंच आब घालवू नका. कवायत संपल्यावर टाळ्या पडल्या. जवानही बिचारे गोंधळून हात जोडायला लागले.

हॉटेलवाल्यानं जवानांना रस्त्याकडच्या बाकड्यावर बसवायला सुरुवात केली. मिलिटरी जिथं खाते तिथल्या भज्यांत खोट नसते, असा त्याचा प्रचार. हेडमास्तरांनी पोरांना सलाम शिकवला, त्यामुळं शाळेसमोरून जाणाऱ्या पोस्टमनलाही दिवसभर सलाम मिळायचे. पुढारी तर हरखूनच गेला होता. बंदोबस्त दांडगा म्हणजे स्पर्धा मोठी, हा त्याचा हिशेब. येईल त्याला तो आधी जवान दाखवायचा, मग मैदान.

आता आमचं. आम्ही बौद्धवाड्यातले, आणि माझा धाकटा भाऊ जिल्ह्याच्या संघातला चढाईचा गडी. बढाई नाही मारत, पण तो मध्यरेषा ओलांडायला लागला की समोरचे सातही जण मागं सरायचे. त्याच्या जोरावर संघ अंतिम सामन्यात पोचला. मायनं त्याचा खेळ कधी बघितला नव्हता. रोजची खुरपणी सोडून ती कशाला मैदानावर जाते. पण अंतिम सामना बघायचाच, असं तिनं ह्या खेपेला ठरवलं. ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं.

अंतिम सामन्याला मंत्री येणार होते. म्हणून आदल्या दिवशी दिवेलागणीला आमच्या आळीतली मिसरूड फुटलेली सगळी पोरं उचलली आणि शाळेच्या मोठ्या वर्गात कोंडली. माय धावत गेली. ही प्रतिबंधात्मक कारवाई आहे, असं फौजदारांनी तिला शांतपणे समजावलं. म्हणजे पोरांनी काही केलेलं नाही, करतील म्हणून धरलंय. भावाचा उद्या सामना आहे, असं मी सांगितलं. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणाले. सगळ्यांना म्हणजे आमच्या आळीतल्या सगळ्यांना, हे मला वरची आळी मोकळी फिरताना दिसल्यावर कळलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता, पण बोलणार कुणापुढं.

सामन्याला माय गेलीच. लेकरू मैदानात नसलं तरी शेजारच्या शाळेत हाय, तेवढंच जवळ, असं म्हणाली. मैदानाभोवती जवान इतके दाट उभे की बसलेल्यांना खेळाऐवजी त्यांच्या पाठीच दिसायच्या. मंत्र्यांनी भाषणात गावातल्या शांततेचं कौतुक केलं. मग सामना सुरू झाला आणि आमचा संघ सपाटून मार खायला लागला.

मध्यंतरापर्यंत लोक कसेबसे दम धरून होते. मग बोंबाबोंब सुरू झाली. आमचा गडी कुठंय, आमचा गडी आणा. माझा कानावर विश्वास बसेना. ओरडणाऱ्यांत वरच्या आळीतलेच पुढं होते, ज्यांनी महिनाभर आमच्या आळीतल्या दुकानातून काडीपेटी घेतली नव्हती. कुणी चप्पल फेकली, कुणी दोऱ्या तोडल्या. मंत्री चुळबुळायला लागले, पुढाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब लोकांची कुजबुज झाली आणि फौजदार शाळेकडं पळाले. शांतता राखायची म्हणून भावाला आत टाकलं होतं, आता शांतता राखायची म्हणूनच बाहेर काढला.

आला तो दोन जवानांच्या मधून. पंच काही म्हणेनात. तो आतल्या बाजूला चढाई करायचा आणि ते दोघं बंदुका घेऊन रेषेच्या कडेकडेनं त्याच्याबरोबर सरकायचे. समोरच्या संघाला कळेना, धरायचं कुणाला आणि भ्यायचं कुणाला. भाऊ एका दमात तिघांना बाद करून परत आला, तेव्हा त्यातल्या एका जवानानंही टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतला. माय जवानांच्या मधल्या फटीतून बघत, माझा दंड घट्ट धरून बसली होती. तिला नियम कळत नव्हते, पण तो परत येताना मध्यरेषेला हात लावायचा तेव्हा ती दरवेळी श्वास सोडायची.

आम्ही जिंकलो. मग काय विचारता. गुलाल उधळला, हलगी कडाडली आणि पोरांनी भावाला खांद्यावर घेतलं. वरच्या आळीच्या खांद्यावर आमच्या आळीचा पोरगा, हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मायच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. म्हटलं, सुटला. आता असाच घरापर्यंत येणार.

खांद्यावरून तो शाळेच्या फाटकापर्यंत गेला. तिथं फौजदार उभे होते. हुकूम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा होता, आणि खेळायला सोडला होता, घरी जायला नाही. पोरांनी त्याला अलगद खाली उतरवलं. एकानं पाठीवर थाप मारली. मग कप घेऊन मिरवणूक बाजाराकडं वळली. एकही माणूस मागं थांबला नाही, आणि ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जवानांनी त्याला आत नेलं आणि फाटकाला कडी घातली.

मायनं फौजदारांना विचारलं, "साहेब, जिंकलेल्याला आत ठिवायलाव, मग हरलेल्यायला कुठं ठिवलं?"

फौजदारांना ती चेष्टा वाटली नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "त्यांना पुढाऱ्यांकडं जेवायला पाठवलंय."

माय शाळेच्या भिंतीला टेकून खालीच बसली, ठेवणीतल्या लुगड्यानिशी. मीही बसले. भिंतीपलीकडून आवाज येत होते. आत कोंडलेल्या पोरांना सामन्याचा फक्त आरडाओरडा ऐकू आला होता. काय काय झालं ते पहिल्यापासून सांग, म्हणून ती पोरं भावाच्या मागं लागली होती, आणि तो सांगत होता.