मावशींच्या तोंडातल्या टाचण्या

उस्मानपुऱ्यातल्या मावशींशी बोलायचं तर आधी त्यांच्या ओठांकडे बघायची सवय करावी लागायची. सकाळी दुकान उघडलं की त्या आठ-दहा टाचण्या ओठांत धरायच्या आणि त्या दुपारच्या जेवणापर्यंत तिथंच असायच्या. गिऱ्हाइकाशी बोलणं, दारातल्या पोरांना हाकलणं, रिक्षावाल्याशी हुज्जत, सगळं त्या टाचण्यांच्या फटीतून चालायचं. नव्या बाईला धास्ती वाटायची की आता एखादी पोटात जाते. एकही कधी गेली नाही. आज मीही ब्लाउज शिवून पोट भरते, पण टाचणी तोंडात धरत नाही. कुणी विचारलं तर सांगते, दाताला लागते. खरं कारण मावशी आहेत.

त्यांचं दुकान जिन्याखाली होतं. एक शिलाई मशीन, एक फॉल-पिकोचं, कापायचं टेबल आणि टेबलाला लागून पत्र्याची मोठी पेटी. खुर्ची, स्टूल काही नाही. ज्याला बसायचं त्यानं पेटीवर बसायचं. त्या पेटीवर बसून अर्ध्या उस्मानपुऱ्यातल्या बायका रडल्या असतील. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाचं नको असलेलं दिवस जाणं. मावशी माप घेता घेता ऐकायच्या, मान हलवायच्या, आणि त्यातलं अक्षर कधी दुसऱ्या बाईच्या कानावर गेलं नाही. "माझं तोंड उघडलं तर टाचण्या सांडतील बाय, तुझी गोष्ट नाय," असं त्या म्हणायच्या. माझा विश्वास होता. का नसावा?

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा सतरा वर्षांची होते. सकाळी कॉलेज, बारापासून दुकान. मावशी गंगापूरच्या. नवरा वारल्यावर एक मशीन घेऊन शहरात आलेल्या, मूलबाळ नाही. मला त्यांनी कधी पगारी पोर म्हणून वागवलं नाही. डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे यायची. शिकवताना मात्र दयामाया नाही. मी शिवलेलं काहीही त्या सरळ बाजूनं बघतच नसत. "वरून तर समदेच शिवतात. उलटून दाव." उलटून दाखवलं की बोट फिरवायच्या आणि चार टाके उसवून परत हातात द्यायच्या. माझा पहिला फॉल चारदा उसवला. पाचव्यांदा काही न बोलता साडीची घडी घातली, तेव्हा मला कळलं की जमलं. तेवढ्या शाबासकीवर मी आठवडाभर उड्या मारत होते.

बोट फिरवायच्या, असं म्हटलं, त्यात एक गोम होती. मावशींचे डोळे गेले होते. पार नाही, पण सुई ओवता येत नव्हती. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. रोज दुपारी आल्यावर मी वीसेक सुया वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी ओवून सुयांच्या उशीला टोचून ठेवायची, डावीकडून पांढरा, मग काळा, लाल, असा क्रम ठरलेला. त्या क्रमावर मावशी दिवस काढायच्या. "बायांना कळलं तर महागाच्या साड्या कोण दील मला," एवढंच एकदा बोलल्या. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता माझ्या पगाराचं. पहिला पगार मी घरी आणला, तेव्हा पप्पांनी तो भिंतीवरच्या फोटोपुढे ठेवला. आमच्यासारख्या घरांतून असतो तोच फोटो, निळ्या कोटातला. हात जोडून झाल्यावर पैसे परत माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "ही तुझी मेहनत हाय. घरात द्यायची नाय. फक्त वाया जाऊ देऊ नको." पप्पा वाळूजला कंपनीत कामाला. अंगावर कायम कंपनीचा खाकी शर्ट. दर जयंतीला ते पांढरा शर्ट घालून मिरवणुकीला निघायचे आणि निघताना त्या फोटोकडे एकदा बघायचे. कोट त्यांनी जन्मात घातला नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं. पुढच्या जयंतीला पप्पांच्या अंगावर निळा कोट, आणि तो मी शिवलेला.

मावशींना कोट येत नव्हता. सिटी चौकाजवळ एका माडीवर एक म्हातारे मास्टर कोट शिवायचे. त्यांच्याकडे मी रविवारी जायला लागले. फी त्यांनी नाममात्र सांगितली, पण अट घातली. "कपडा तू लाना. मेरा कपडा बिगाडेंगी तो तेरा हाथ डरेंगा नई. अपने पगार का बिगाड, तब सीखेंगी." झालं. दर महिन्याला मी निळं कापड घ्यायची आणि बिघडवायची. एका कोटाची बाही उलटी बसली, एकाची कॉलर छातीवर दुमडेना, एकाचे खिसे वरखाली. हे बिघडलेले कोट घरी कसे नेणार? मावशींना सांगितलं. त्यांनी पेटी उघडली आणि म्हणाल्या, "ठेव हितं. माझ्या तोंडात टाचण्या हायत." आम्ही दोघी हसलो होतो.

घरी मात्र पाच महिन्यांत आईचा जीव टांगणीला लागला. पोरगी कमावते, आणि पायात तीच तुटकी चप्पल. शेजारच्या पोरीनं आईला मिक्सर आणला. माझ्याकडे ना कपडा, ना मोबाइल, ना पुस्तक. आई आडून विचारायची, "मैत्रिणीला उसने दिले का गं?" मी म्हणायची, खर्च झाले. कशावर, ते सांगता येईना, आणि मला तर खोटं बोलताना हसू यायचं, कारण माझ्या डोळ्यांपुढे कोटातले पप्पा. ते हसू बघून आईला वेगळीच शंका आली. आता मी स्वतः आई आहे, तेव्हा कळतं की तिचं चुकलं नव्हतं. सतरा वर्षांची पोर, हातात पैसा, रविवारी दुपारी गायब, वर हसते. मीही तेच समजले असते.

एका रविवारी मी मास्टरांकडे असताना आई मावशींच्या दुकानात गेली. संध्याकाळी घरी आले तर पप्पा भिंतीला टेकून बसलेले, आई चुलीशी नाही. आई म्हणाली, "मावशीला विचारलं, पोरगी पगाराचं काय करती. त्या म्हणल्या, मला काय ठाव नाय ताई. पण रविवारी ती सिटी चौकात एका माडीवर जाती. तिथं मास्टरचा तरणा पुतण्या बी असतो."

पुतण्या होता, इस्त्री करायचा. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. कोट, कापड, जयंती, सगळं. पप्पा म्हणाले, "मग कापड दाव." मी म्हणाले, मावशींच्या पेटीत आहे.

आईनं माझ्याकडे बघितलं. "पेटीत? मावशीनं मला त्या पेटीवरच बसवलं होतं की. चहा पाजला."

माझा पाच महिन्यांचा पगार आईच्या खाली होता. झाकण उघडलं असतं तर सगळी शंका तिथंच संपली असती. आणि मावशींनी तिला त्यावर बसवून चहा पाजला होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी आईला घेऊन गेले. मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या. मी पेटी उघडली. आत अस्तरांचे तुकडे आणि फॉलची बंडलं. निळा धागा नाही. "मावशी, माझं कापड?" मी विचारलं. टाचण्यांच्या फटीतून त्या म्हणाल्या, "कसलं कापड, बाय?"

आईनं पेटीचं झाकण लावलं. घरी जाऊन पप्पांना म्हणाली, पोरगी खोटं बोलती. मी म्हणाले, मास्टरांना विचारा. पप्पा म्हणाले, "परक्याच्या दारात जाऊन पोरीची चौकशी करू? तेवढं बाकी राहिलंय?" मास्टरांकडे जाणं त्या दिवसापासून बंद. आणि पुढचं ऐका. मावशी भरवशाची बाई, म्हणून माझं दुकानात जाणं चालू ठेवायचं ठरलं. पगार मावशींनी माझ्या हातात न देता आईला द्यायचा.

एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलं, "कामून केलं मावशी?" त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या. "कोट शिकली असती तर तू ऱ्हायली असती का हितं? मला सुया कोण ओवून दिल्या असत्या?" मग उशी बाजूला सारून, "त्या चिंध्या गोधडीवालीला दिल्या. चिंध्याच व्हत्या." मी हे घरी सांगितलं. एकदा खोटारडी ठरलेल्या पोरीचं कोण ऐकतं?

लग्न होईपर्यंत, दीड वर्ष, मी रोज त्या दुकानात गेले. मावशींशी कामापुरतं बोलले. भाकरी समोर आली तरी हात लावला नाही. सुया मात्र ओवत राहिले. पांढरा, काळा, लाल. एक दिवस क्रम बदलून ठेवावा असं खूप वाटायचं. बदलला नाही. शिवणं त्यांनी शिकवलं होतं, ते माझ्या हातातून काढून कसं टाकणार, आणि माया तर त्याहून चिवट. लग्नात त्या आल्या, माझ्या ब्लाउजची उलटी बाजू बघायला त्यांनी हात पुढे केला आणि मी पदर ओढून घेतला.

गेल्या थंडीत आईला कळलं की मावशी गंगापूरला भाच्याच्या घरी अंथरुणाला खिळल्या आहेत. आई मागे लागली. "तिनं तुझ्या हाताला काम दिलं. भेटून येऊ." मी नको म्हणत होते. तरी गेले.

मावशी वाळून एवढ्याशा झाल्या होत्या. आवाजावरून मला ओळखलं. आई खाटेवर, त्यांच्या पायाशी पांघरुणावरच बसली आणि तब्येतीचं विचारू लागली. मी उभीच होते. मग मावशींच्या पांघरुणाकडे लक्ष गेलं. जड गोधडी, सगळी निळी. एका कोपऱ्यात बाहीचा तुकडा, उलटा बसवलेला. मधोमध न दुमडणारी कॉलर, तिच्यावर माझे पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके तसेच.

"आई," मी म्हणाले, "तू विचारायचीस ना, पगार कुठं जातो? त्याच्यावर बसलीयस तू."

आईनं कोपरा हातात घेतला. उलटून बघितला. तो निळा रंग तिला सांगावा लागला नाही. तिनं मावशींकडे बघितलं. मावशींच्या तोंडात आता टाचण्या नव्हत्या, दातही नव्हते.

"गोधडीवालीकडून मीच इकत घेतली," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात कशी जाऊ देऊ."

"चिंध्या होत्या का त्या?" मी विचारलं.

"नाय," मावशी म्हणाल्या. "खरं बोलत व्हती पोर."

आई खाटेवरून उठून उभी राहिली. मला वाटलं, ती गोधडी ओढून घेईल. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, हेही सांगून टाकते. पण तिनं हातातला कोपरा मावशींच्या पायावर नीट सारला आणि चपला घातल्या. मावशी माझं नाव घेऊन काहीतरी म्हणाल्या. मी मागे बघितलं नाही.

परतीच्या जीपमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाळूज मागे पडल्यावर म्हणाली, "पप्पाचं माप कुठून घेतलं होतंस?"

"दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावरून."

आईनं पदरानं नाक पुसलं. "आता पोट सुटलंय त्यांचं," ती म्हणाली. "नवं घ्यावं लागंल."