यमुनाबाईंचं बीजगणित

“ही नवी बाई बोलते का नाही? का इंग्रजीतच गप्प राहते?”

शिक्षिकांच्या खोलीत मी पाऊल टाकणार होते, तेवढ्यात हे कानावर आलं. आत हशा पिकला. मी दाराशीच थांबले. बोलणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं, पण त्या ओशाळल्या नाहीत. बाकावरची वह्यांची चळत उचलून त्यांनी जागा केली आणि म्हणाल्या, “बस, माय. ऐकलंच आहे तर आत येऊन ऐक.”

त्या यमुनाबाई. सौंसरच्या आमच्या मुलींच्या शाळेत सातवीला गणित शिकवायच्या. राज्यांची फेररचना झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. वडिलांची तहसील कचेरीत बदली झाली, म्हणून आम्ही नागपूर सोडून इथे आलो होतो. कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झाले, एवढ्या भांडवलावर मला इंग्रजी शिकवण्याची हंगामी नोकरी मिळाली. नागपूर आता दुसऱ्या राज्यात होतं आणि आमचे कागद भोपाळहून हिंदीत येत होते. सगळे त्याबद्दल हळू आवाजात बोलत. यमुनाबाई म्हणत, “आपण कुठं हाललो? आपण तर इथंच बसून आहो. राज्यच उठून गेलं.”

पण त्याही घाबरल्या होत्या. मॅट्रिक न झालेल्या शिक्षकांकडे वरचे वर्ग ठेवायचे की नाही, ते ठरवायला भोपाळहून नवे साहेब शाळा तपासायला येणार होते. सातवीला आता बीजगणित आलं होतं. बाई स्वतः सातवी पास. वर्ग गेला, तर दूरच्या खेड्यातल्या शाळेवर बदली ठरलेली. घरी वडील अर्धांगाने अंथरुणावर होते आणि दुपारच्या सुट्टीत त्यांना भरवायला बाई धावत जात आणि धावत येत.

एके दिवशी त्यांनी मला नकाशांच्या खोलीत ओढलं. “तुले ते एक्स-वाय येते ना? मले शिकव. पण कोणाले सांगू नको. पोरी म्हणतील, बाईलेच येत नाही.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले.

पहिलं गणित मी पाटीवर लिहिलं. दोन बागांतल्या संत्र्याच्या झाडांचं प्रमाण तीनास पाच. प्रत्येक बागेत चाळीस झाडं नवी लावली, तर प्रमाण पाचास सात होतं. आधी किती झाडं होती? मी पहिल्या बागेतल्या झाडांना एक्स धरलं, दुसरीतल्यांना वाय. पाच एक्स बरोबर तीन वाय. मग चाळीस मिळवून दुसरं समीकरण, तिरका गुणाकार, एकातून दुसरं वजा. साठ आणि शंभर. शाळेत मला या गणितांना नेहमी पूर्ण गुण पडत.

बाई पाटीकडे बघत राहिल्या. “हे तिरपं काहून गुणलं?”

“तसंच करतात.”

“कोण करते?”

बाईंनी पाटी पुसली आणि एका ओळीत तीन घरं काढली, खालच्या ओळीत पाच. “खालची बाग दोन घरं मोठी. हाव?”

“हो.”

“आता दोहीकडं चाळीस-चाळीस झाडं लावली. सारखीच लावली ना? मग मधला फरक काहून बदलन?” त्यांनी बोटावर मोजलं. “पाच अन् सात. आताही दोनच घरं. म्हणजे घर तेवढंच राहिलं. वरची बाग तीनाची पाच घरं झाली, दोन घरं वाढली. दोन घरांत चाळीस झाडं, एका घरात वीस. साठ अन् शंभर.”

मी माझी समीकरणं पुन्हा लिहिली. वजाबाकी करताना मी नक्की काय करत होते, ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“पण हे गावठी आहे,” बाई म्हणाल्या. “साहेबाले तुझंच पाहिजे.”

रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास आम्ही बसत असू. बाईंना एक्स पटत नसे. “ज्याचा पत्ता नाही त्याले गुणून राहिलो आपण,” म्हणत. पायऱ्या पाठ करत आणि तिसऱ्या पायरीवर अडत. अडल्या की माझ्याकडे न बघता विचारत, “लोधीखेड्याची बस किती वाजता असते?” बदलीच्या यादीत लोधीखेड्यापलीकडचं एक खेडं होतं.

साहेब आले ते थेट सातवीत. मुख्याध्यापिकांनी मलाही मागे उभं केलं, भोपाळहून आलेल्या माणसाला इंग्रजी लागलं तर असावं म्हणून. साहेबांनी गणित हिंदीत सांगितलं. दोन शाळांतल्या मुलींचं प्रमाण दोनास तीन. दोन्हींत दहा-दहा मुली नव्या आल्या, प्रमाण तीनास चार झालं.

“आधी वीस अन् तीस होत्या,” बाई म्हणाल्या. त्यांचं वाक्य साहेबांच्या वाक्याला लागूनच आलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “उत्तर पहले से मालूम था? विधि लिखिए. बीजगणित से.”

बाईंनी खडू घेतला. एक्स लिहिला, त्याखाली वाय. दोन एक्स लिहून खोडलं. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंचा हात फळ्यावर तसाच टेकून राहिला आणि खडूची पूड बांगड्यांवर पडली होती. घरं काढा, मी मनात म्हणत होते, घरं काढा. पण घरं गावठी म्हणून बाई ती साहेबांपुढे काढणार नव्हत्या. साहेबांनी कागद उघडून पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको, सांगू नको.

मी दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि साहेबांना अर्धवट ऐकून जाऊही द्यायचं नव्हतं. मी पुढे जाऊन फळ्याशी उभी राहिले आणि मुलींनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “साहेब, ही गणितं मला सुटत होती, पण समजली नव्हती. ती मला यमुनाबाईंनी समजावली. समीकरण मी मांडते. ते तसं का, ते बाई सांगतील.”